चिलापी कोण खातं?

मंडळी, विषय आहे नावडते मासे लोकांच्या गळी कसे उतरवायचे. सुरुवातीलाच एक कबूल करतो, व्याख्यान ऐकून कुणी काही खायला लागत नाही. हे मी विनयाने म्हणत नाहीये, याचा रीतसर प्रयोग झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतलं चांगलं मांस सैन्याकडे जायचं, आणि घरच्यांनी दिल, गुर्दा असले भाग खावेत अशी सरकारची इच्छा होती. खायच्या सवयींवर एक समितीच नेमली होती. मार्गारेट मीड तिच्या सचिव होत्या. त्या कामात मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी गृहिणींचे सहा गट घेतले. तीन गटांपुढे उत्तम व्याख्यान झालं. त्यात पोषण आलं, काटकसर आली, देशप्रेम आलं, वर पाककृतीही वाटल्या. उरलेल्या तीन गटांना नुसतं बोलतं केलं. आपल्यासारख्यांच्या घरी हे का खपत नाही? नवरा नाक मुरडतो, शिजताना वास सुटतो, अशा तक्रारी बायकांनीच मांडल्या. त्यांवरचे उपाय पुढे आले, आणि शेवटी करून बघणार कोण म्हणून हात वर झाले. नंतर चौकशी केली, तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी पूर्वी कधी न केलेला असा भाग घरी शिजवला होता, आणि बोलत्या गटातल्या ३२ टक्क्यांनी.

तेव्हा आजच्या माझ्या यशाची मर्यादा तुम्हाला आधीच कळलेली आहे.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. चिलापी. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की भिगवणच्या आसपास मच्छी थाळीच्या पाट्या सुरू होतात. डावीकडे उजनीचं पाणी असतं, आणि ताटात बहुतेक वेळा चिलापीच. मोटारी थांबतात, ज्वारीच्या भाकरीबरोबर लालभडक तळलेली चिलापी लोक बोटं चाटत खातात. त्यातल्याच एखाद्याला पुण्यात विचारा, घरी का आणत नाही? लगेच ऐकवतो, ‘छे, तो धरणाचा मासा. चिखलासारखा लागतो.’ तासाभरापूर्वी तुम्ही तोच खाल्लात की हो!

ही चिलापी मुळात आपली नाही. मूळची आफ्रिकेची. भारतात ती १९५२ साली आणली, तीही मुद्दाम, गरिबांना स्वस्तात प्रथिनं मिळावीत म्हणून. हेतू चांगला होता. पण या माशाची मादी अंडी तोंडात धरते, पिल्लंही सुरुवातीला तोंडातच सांभाळते, त्यामुळे जगण्याचं प्रमाण भरपूर. विणीला ठराविक हंगाम लागत नाही. गर्दी झाली की वाढ खुंटते, पण वीण खुंटत नाही. बोटाएवढी मादीसुद्धा अंड्यावर येते. १९५९ पर्यंत तज्ज्ञांनी ती आणखी पसरवू नका असा इशारा दिला होता, पण तोवर ती निघून गेली होती. कमी प्राणवायूच्या, घाण पाण्यात ती तग धरते. उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून तिथेच जाऊन साठतं. नदीतल्या अनेक देशी माशांना जे पाणी सोसत नाही, त्यात चिलापी मजेत राहते. म्हणजे तिला तिथे राज्य मिळवून देण्यात आपल्या सगळ्यांच्या मोऱ्यांचा हात आहे. भिगवणला रोहित पक्षी बघायला जाता, तेव्हा हेही पाणी जरा बघा.

तो चिखलाचा वास खोटा नाही. पाण्यातली निळी-हिरवी शेवाळं आणि काही जिवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात, तो माशाच्या चरबीत आणि कातडीत उतरतो. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो त्यातही हेच जिओस्मिन असतं. अंगणात आपण त्याच्यावर कविता करतो, ताटात आला की ताट सारतो. पण आंबटात हा पदार्थ मोडतो. चिंच, कोकम, लिंबू, जे घरात असेल ते. आपल्या आज्यांना जिओस्मिन ठाऊक नव्हतं, पण गोड्या पाण्यातल्या माशाला चिंचेचा कोळ लावल्याशिवाय त्या चुलीकडे वळत नसत.

पुण्यातल्या मासेबाजारात एकदा एका मावशींचं काम बघत उभा होतो. एक बाई सुरमईचा भाव ऐकून परत निघाली होती. मावशींनी तिला पर्यावरण सांगितलं नाही. एक चिलापी उचलली आणि म्हणाल्या, ‘ही ने की. रोहूसारखे बारीक काटे नाहीत हिला, पोरांना बिनघोर दे.’ आणि तिच्या हो-नाहीची वाट न बघता साफ करायला घेतली. आधी पाठीचा काटेरी पंखा उडवला, कारण हाताला टोचतो तो तोच. मग शेपटीकडून डोक्याकडे खवले. चिलापीचे खवले घट्ट असतात आणि घरभर उडतात, घरी कुणी आणत नाही त्याचं निम्मं कारण हे. मग पोट फाडून आतला काळा पापुद्रा अंगठ्याने खरवडून काढला. तो राहिला तर कडवट लागतं. दोन्ही अंगांना तिरप्या चिरा दिल्या आणि पिशवीत टाकता टाकता म्हणाल्या, ‘मीठ-हळद लावून धू, मग चिंचेत ठेव अर्धा तास.’ बाईंनी मासा नेला. लेविनच्या गटांतल्या बायकांनी ज्या अडचणी काढल्या असत्या, त्या सगळ्या मावशींनी बोलता बोलता हातावेगळ्या केल्या होत्या.

सरकारं हे काम करायला जातात तेव्हा बहुतेक पाककृतीची पुस्तिका छापतात. युद्धानंतर ब्रिटनने दक्षिण आफ्रिकेहून स्नूक नावाच्या माशाचे लाखो डबे आणले. रेशनचा काळ, लोक अर्धपोटी, तरी डबे पडून राहिले. अन्नखात्याने ‘स्नूक पिकांत’ नावाची पाककृती प्रसिद्ध केली, त्यावर लोक फक्त हसले. भुकेलेला माणूससुद्धा वरून लादलेला मासा खात नाही.

पण लोकांनी खायला सुरुवात केली तर? आक्रमक मासे खाऊन संपवा, असं म्हणायला सोपं आहे. कॅरिबियन समुद्रातला लायनफिश बघा. हा आपल्या बाजूचा, हिंदी आणि प्रशांत महासागरातला. लक्षद्वीपला पाण्याखाली गेलात तर दिसेल. १९८५ च्या सुमारास तो फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसला, बहुधा कुणीतरी घरच्या मत्स्यटाकीतून सोडलेला. तिथल्या माशांना तो शिकारी आहे हेच कळत नव्हतं. प्रवाळावरची छोटी मासळी त्याने फस्त केली. २०१० मध्ये अमेरिकेत ‘लायनफिश खा’ अशी मोहीम सुरू झाली. कोलंबियात तर धर्मगुरूंनी उपवासाच्या दिवसांत भक्तांना तो खायला सांगितला. मांस पांढरं, नाजूक, विष फक्त काट्यांत, तेही शिजवल्यावर निकामी होतं. मग अडलं कुठे? हा मासा गळाला सहसा लागत नाही. बुडी मारून एकेक भाल्याने टिपावा लागतो, म्हणून महाग पडतो. पाणबुडे जिथे पोचतात तिथला प्रवाळ मोकळा होतो, हा फायदा खरा आणि मोठा आहे. पण खोल पाण्यात तो सुखाने वीण घालत राहतो.

आणि मोहीम पूर्ण यशस्वी झाली तर काय होतं, ते आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरात दिसतं. १९५० च्या दशकात तिथे नाईल पर्च सोडला. १९८० च्या दशकात तो इतका माजला की सरोवरातल्या शेकडो देशी जातींचा फडशा पडला. पण मासा मोठा, मांस जाड, युरोपात मागणी. किनाऱ्यावर कारखाने उभे राहिले. तुकडे विमानाने परदेशी आणि डोकी-सांगाडे गावच्या बाजारात. पुढे पर्च कमी व्हायला लागला तशी पळापळ झाली, आणि ५० सेंटीमीटरपेक्षा लहान आणि ८५ पेक्षा मोठा पर्च पकडू नये असे नियम तिथे केले गेले. ज्याने सरोवर खाल्लं, त्यालाच जपायची वेळ आली! कारण हजारोंचं पोट त्याच्यावर आहे. त्या माणसांना मी दोष देत नाही. उजनीच्या काठचा भोई चिलापीबद्दल हेच म्हणेल, आणि त्याचं बरोबर आहे.

आपल्याकडे मांगूरचं तेच झालं. आफ्रिकन मांगूर पाळायला २००० सालापासून बंदी आहे. तरी चोरून तळी होतात, कारण तो स्वस्त आहे आणि खपतो. त्यासाठी कुणाचंही मन वळवावं लागलं नाही. म्हणून माझं म्हणणं असं की परक्या माशाची चटक लावताना दहा वेळा विचार करावा. ज्याला गिऱ्हाईक आहे त्याचं बीज माणूस पुढच्या तळ्यात नेऊन टाकतोच. चिलापी उजनीत आहे, आता जायची नाही. ती खा, खुशाल खा, पण तिच्या नावाने आणखी एखादा तलाव बाटवू नका.

मन वळवायचंच असेल तर आपल्या समुद्रातल्या उपेक्षितांसाठी वळवा. पापलेट, सुरमई, हलवा, कोळंबी यांच्यापुढे शहरी गिऱ्हाइकाची नजर जात नाही. पापलेटला तर २०२३ मध्ये राज्यमासा केला, तो कमी होत चालला म्हणूनच. आणि त्याच जाळ्यात आलेला ढोमा, राणीमासा, तारली, वाकटी? मुंबईच्या बंदरात ज्या टाकाऊ मासळीला कुटा म्हणतात, त्यात कोवळी मासळी मिसळून खताला, नाहीतर मासळीच्या पिठाला जाते. माकुल, म्हणजे स्क्विड, एके काळी असंच फेकलं जायचं. निर्यात सुरू झाली आणि आज हॉटेलात त्याच्या कड्या तळून मिळतात. तारलीला तेल आहे, वास आहे, मान्य. तिरफळ घातलेल्या आमटीत ती बांगड्याला भारी पडते, असं माझं मत. बांगड्याचे भक्त चहा पिताना भांडू शकतात.

मघाशी एकांनी चिठ्ठी पाठवली आहे. उजनीत आता सकर मासा येतोय, तोही खायचा का? सकर म्हणजे मत्स्यटाकीची काच चाटत बसणारा, दक्षिण अमेरिकेतला. अंगावर खवल्यांऐवजी चिलखत, जाळी फाडतो, आणि मांस निघतं मूठभर. मेक्सिकोत इन्फिएर्निलो नावाचं धरण आहे. तिथेही बाहेरून आणून सोडलेली चिलापी होती, तिच्यावर मोठी मासेमारी उभी राहिली होती. मग सकर शिरला, आणि जाळ्यांत चिलापीऐवजी तोच भरायला लागला. तिथे त्याला सैतानी मासा म्हणतात. कुणी त्याचं वाळवलेलं मांस विकून बघितलं, कुणी पीठ करून बघितलं. खपतं, पण थोडं. सांडपाण्यातला सकर खा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तळाचा गाळ चाटणारा मासा आहे, त्यात काय काय साठलंय ते तपासल्याशिवाय नाहीच. जाळ्यात आला तर परत पाण्यात सोडू नये, एवढं उजनीच्या मच्छीमारांना सांगतो. आणि ज्यांच्या दिवाणखान्यात तो आत्ता काच चाटतोय, त्यांनी टाकी लहान पडायला लागली की दुकानदाराला परत द्यावा. मुठेच्या पुलावरून पिशवी मोकळी करू नये. पिशवीतला मासा तिथून पोहत उजनीलाच जातो.