दरी न ओलांडणारा पक्षी

मंडळी, आज ज्या पक्ष्याबद्दल बोलणार आहे, तो महाराष्ट्रात दिसत नाही. आहे आपल्या सह्याद्रीतलाच, पण उत्तरेकडे त्याची धाव कर्नाटकातल्या बाबाबुदन डोंगरांपर्यंतच. नाव शोलाकिळी. लांबी सुमारे 15 सेंटिमीटर, अंग निळसर राखाडी, पोट पांढरं आणि पाय शरीराच्या मानानं लांब. निलगिरी डोंगरातल्या पक्ष्याच्या कुशी तांबूस असतात, आणखी दक्षिणेच्या पळनी आणि अनामलाई डोंगरांतल्याच्या निळसर. जमिनीलगत, पालापाचोळ्यात किडे टिपत तो हिंडतो. झाडाच्या ढोलीत किंवा मातीच्या दरडीतल्या बिळात शेवाळाचं घरटं करून बहुधा दोन अंडी घालतो.

त्याचं रान म्हणजे शोला. साधारण 1400 मीटरच्या वर, डोंगराच्या घळीत, ओढ्याच्या काठानं वाढलेलं ठेंगणं सदाहरित जंगल. भोवती उघडी गवताळ कुरणं. हिवाळ्यात या कुरणांवर दव गोठतं आणि झाडांची कोवळी रोपं करपतात. झाडं घळीत राहतात आणि गवत माथ्यावर, याचं हे एक मोठं कारण. शोलाकिळी घळीतल्या त्या गर्द सावलीला इतका धरून असतो की मधला सखल, उष्ण प्रदेश ओलांडून पलीकडच्या डोंगरावर जात नाही. त्याच्या दृष्टीनं प्रत्येक उंच डोंगर हे एक बेट आहे.

सह्याद्रीच्या रांगेत, केरळ-तमिळनाडूच्या सीमेवर, पालघाटची खिंड आहे. रुंदी 30 ते 40 किलोमीटर, उंची समुद्रसपाटीपासून 200 मीटरपेक्षाही कमी. घारीला हे अंतर काहीच नाही. शोलाकिळीसाठी मात्र ही खिंड लाखो वर्षं बंद दरवाजा ठरली. उत्तरेचे, म्हणजे निलगिरीकडचे पक्षी वेगळे झाले, दक्षिणेचे, म्हणजे पळनी-अनामलाईकडचे वेगळे. आणखी खाली, शेनकोट्टाच्या खिंडीपलीकडे, अगस्त्यमलाई डोंगरांच्या बाजूला तिसरे.

जर्डन या लष्करी डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकात निलगिरीतल्या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेव्हा त्याला थिरथिरा पक्ष्यांच्या गटात टाकलं. पुढे दीडशेहून अधिक वर्षं तो या प्रजातीतून (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातून) त्या प्रजातीत फिरत राहिला. अखेर पक्षी-अभ्यासक व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए, आवाज आणि पिसांचा रंग एकत्र तपासला. 2017 मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की हा कुणाचाच पोटभाग नाही. शोलिकोला ही त्याची स्वतंत्र प्रजाती. अगस्त्यमलाईकडच्या पक्ष्याला जाती म्हणून नाव मिळालं तेही तेव्हाच. त्याच शोधनिबंधात शोलातल्या लाफिंगथ्रश पक्ष्यांनाही नवी प्रजाती मिळाली. त्यांतल्या एका जातीच्या नावात फेअरबँक आहे. हे फेअरबँक म्हणजे आपल्या अहमदनगरकडे आयुष्य घालवलेले अमेरिकन मिशनरी! पळनीच्या डोंगरात ते पक्षी गोळा करत.

आता ज्या गोष्टीनं मी अस्वस्थ होतो, ती सांगतो. खिंडी निसर्गानं केल्या आणि पक्ष्यांना वेगळं व्हायला अफाट काळ दिला. गेल्या दोनेकशे वर्षांत आपण चहाचे मळे, वसाहती आणि वॅटल, निलगिरी (युकॅलिप्टस), पाइन या झाडांच्या लागवडी करून नव्या खिंडी पाडल्या. इंग्रजांनी सुरू केलेली ही लागवड स्वातंत्र्यानंतरही सरकारी योजनांतून चालू राहिली. गवताळ माथ्यांना पडीक जमीन समजून तिथे झाडं लावली गेली, म्हणजे ‘हिरवं करणं’ हेही तिथे नासधूस ठरलं. तुटलेल्या शोलांमधल्या पक्ष्यांची आपसातली सरमिसळ कमी झाल्याचं त्यांच्या डीएनएत दिसतं. गाण्यातही दिसतं. प्राचीन खिंडींनी वेगळे पडलेले पक्षी वेगळं गातात, हे समजण्यासारखं आहे. पण अलीकडच्या जंगलतोडीनं तुटलेल्या पक्ष्यांची गाणीही एकमेकांपासून दूर जाऊ लागली आहेत, आणि हा फरक गाण्याच्या निराळ्याच गुणांत आहे. काही पिढ्यांच्या तोडीनं पाखराची बोली बदलावी, हे मला फार गंभीर वाटतं. निलगिरीतली जाती आज संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे.

तुमच्यापैकी बरेच जण सुट्टीत उटी, कोडाईकॅनाल, मुन्नारला जाता. एप्रिल-मे हा नेमका शोलाकिळीच्या विणीचा काळ. पहाटे शोलाच्या कडेला उभे राहा. त्याची शीळ ऐकू येण्याची शक्यता असते. फोटोसाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. दुसरा नर हद्दीत शिरला असं समजून तो घरटं सोडून धावत येतो आणि पिलांना भरवण्याचा वेळ त्यात जातो.