काळं आभाळ नको

डिस्टोपियन कथा, म्हणजे माणसांना चिरडणाऱ्या कल्पित समाजाची कथा, वाचून झाली आणि 'आता यावर चित्र काढा' म्हटलं, की वर्गात काय जमा होतं हे तुम्हा शिक्षकांना मी सांगायला नको. काळं आभाळ, पडक्या इमारती, काटेरी तारा. चित्रं वाईट नसतात. ती कुठल्याही कथेला चालतात, हाच घोळ. खरं तर अशा कथांमधला समाज आत राहणाऱ्याला बहुतेकदा नीटनेटका आणि सोयीचाच वाटतो. म्हणून कथेचं चित्र मागू नका. त्या जगात रोज वापरात असेल अशी एखादी वस्तू करायला सांगा.

कर्ट व्हॉनेगटची १९६१ सालची 'हॅरिसन बर्जरॉन' घ्या. साल २०८१, सगळी माणसं कायद्याने समान. हुशार माणसाच्या कानात रेडिओ, विचार जुळूच नये म्हणून दर वीसेक सेकंदांनी त्यातून कर्कश आवाज. ताकदवानाच्या अंगावर वजनं. हॅरिसनच्या वडिलांच्या, जॉर्जच्या, गळ्यात छऱ्यांची पिशवी आहे ४७ पौंडांची, म्हणजे जवळपास २१ किलो. या पिशवीची सरकारी जाहिरात करायला द्या. रंग प्रसन्न हवेत, चेहरे हसरे. जॉर्ज स्वतःच बायकोला म्हणतो की आता ते ओझं जाणवतही नाही. नेमकं हेच वाक्य उचलून 'समाधानी नागरिक काय म्हणतात' असं छापणारा गट कथेच्या गाभ्यापर्यंत पोचला असं समजा.

रे ब्रॅडबरीची १९५० सालची 'देअर विल कम सॉफ्ट रेन्स' माझी जास्त लाडकी. तिच्यात माणूसच नाही. एक स्वयंचलित घर आपली कामं वेळच्या वेळी उरकत राहतं. मुलांना मोठ्या कागदावर या घराचा नकाशा काढायला लावा आणि प्रत्येक खोलीत काय घडतं ते वेळेसकट लिहायला सांगा. सकाळी शेगडी आठ टोस्ट, आठ अंडी, दोन कॉफी आणि दोन ग्लास थंड दूध तयार करते. इथे थांबा. राहणारे किती जण? कोण? दोन कॉफी, दोन दूध. मुलं पटकन हिशोब मांडतात. मग बाहेरच्या पश्चिमेच्या भिंतीकडे या. भिंत जळून काळी झाली आहे, पाच जागा सोडून: गवत कापणारा पुरुष, फुलं तोडायला वाकलेली बाई, हात वर केलेला मुलगा, चेंडू आणि तो झेलायला उभी असलेली मुलगी. अणुस्फोट झाला, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्या भिंतीशी वर्ग गप्प झाला तर लगेच प्रश्न विचारू नका. हे आपल्याला जमत नाही, मला ठाऊक आहे.

शर्ली जॅक्सनच्या १९४८ च्या 'द लॉटरी'साठी गावातल्या चौकाचा नकाशा पुरतो. एका बाजूला पोस्ट, दुसरीकडे बँक, मध्ये तिपाईवर काळी पेटी, आणि मुलांनी सुरुवातीलाच कोपऱ्यात रचून ठेवलेला दगडांचा ढीग. ही डिस्टोपिया म्हणायची का, यावर वाद होऊ शकतो. वर्गात तो खुशाल होऊ द्या. शेवटचा प्रसंग, जिच्या नावाची चिठ्ठी निघते तिला गावकरी दगडांनी मारतात तो, मात्र रेखाटायला देऊ नका. रक्त रंगवणं सोपं असतं.

गुण देताना हात किती चांगला आहे ते बघू नका. चित्रातल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यायचा आणि मागच्या बाजूला कथेतलं ते वाक्य लिहायचं, एवढी एकच अट ठेवा. वाक्य सापडलं नाही तर 'माझी कल्पना' असं लिहावं. तेही चालतं, पण का सुचलं ते सांगता यायला हवं.

मघाशी एकांनी विचारलं की हल्ली मुलं यंत्राकडूनच चित्र करून आणतात, त्याचं काय करायचं? आणू द्या. यंत्रही बहुधा तेच काळं आभाळ देईल. त्याची प्रत काढा, मुलांच्या हातात लाल पेन द्या, आणि कथेत नसलेली प्रत्येक गोष्ट खोडायला सांगा.