बाहीवरच्या फिती कशा वाचाव्यात

पणजोबांच्या लष्करी फोटोत फिती दिसल्या की आपण त्या मोजायला लागतो. मोजणी शेवटी. आधी बाही डावी की उजवी, फीत कोपराच्या वर की खाली आणि तिच्या V आकाराचं टोक वर की खाली, हे बघा. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पद्धतीच्या गणवेशात अर्थ तिथे ठरतो.

दंडावर, टोक खाली असेल तर तो हुद्दा: दोन फिती नाईक, तीन हवालदार. डाव्या मनगटाच्या वर, टोक वर असेल तर चांगल्या वर्तणुकीची फीत. इथेच बहुतेकांची गफलत होते आणि साध्या शिपायाचा हवालदार होतो.

जखमेची पट्टी मात्र सरळ, उभी असते. डाव्या बाहीवर, मनगटाच्या वर, सोनेरी वेणीची, दोन इंच लांब. 6 जुलै 1916 च्या हुकमाने ती आली, 4 ऑगस्ट 1914 पासूनच्या जखमांसाठी. एक पट्टी म्हणजे एक जखम नव्हे, जखमी होण्याची एक वेळ. एकाच स्फोटात पाच ठिकाणी तुकडे घुसले तरी पट्टी एकच.

उजव्या मनगटाच्या वरच्या बारीक, टोक वर असलेल्या फिती परदेशातल्या सेवेच्या. त्या 1918 च्या सुरुवातीला आल्या. 31 डिसेंबर 1914 पर्यंत बाहेर पडलेल्याची पहिली फीत लाल, पुढच्या निळ्या. 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर 1914 अखेरच मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) होत्या, तेव्हा त्यांच्यातल्या शिपायाच्या बाहीवर आधी लाल शोधावी. पण लाल फिती तीन-चार असतील तर थांबा: 1944 पासून दुसऱ्या महायुद्धातल्या सेवेच्या वर्षांसाठी लाल फिती होत्या.

जुन्या फोटोत रंग फसवतो. त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हला लाल रंग दिसत नसे, म्हणून लाल फीत काळपट उमटते आणि निळी फिकट. पिवळाही गडद येतो, त्यामुळे सोनेरी पट्टी काळी दिसली म्हणून ती नाकारू नका. निगेटिव्ह उलटी छापली असेल तर डावं-उजवं बदलतं. त्यासाठी बटणं बघा: पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, म्हणजे समोरून बघताना आपल्या उजव्या हाताकडची बाजू वर. उलट असेल तर फोटो आरशात धरून वाचा.

खरा कोट हाती असेल तर धुऊ नका, जरीचा धागा घासू नका. काळवंडलेली वेणी घासली की वरचा मुलामा निघतो आणि धागे तुटतात. फीत गळली असेल तर बाही उजेडाकडे तिरकी धरा. सुईची भोकं ओळीत दिसतात आणि झाकलेलं कापड भोवतालापेक्षा गडद असतं. त्या खुणांची लांबी आणि बाहीच्या कडेपासूनचं अंतर मोजपट्टीने लिहून घ्या, भोकांवर नवी फीत शिवायच्या आधी.