दोन सॅक आणि गोमुख: ऑक्टोबरातली वाट

(दृश्य: गंगोत्री, पहाट. भागीरथीचा आवाज. धर्मशाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवलेल्या दोन सॅक.)

ऑक्टोबर संपत आला की गंगोत्रीत पहाटे बऱ्याचदा नळाला पाणी येत नाही. पाइपातच गोठलेलं असतं. गोमुखाला, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या मुखाशी, निघालेलं जोडपं या वेळी अजून पांघरुणातच आहे, आणि ते बरोबर आहे. आज त्यांना वर जायचंच नाही.

गंगोत्री आहे सुमारे ३,१०० मीटरवर, वाटेवरचा मुक्काम भोजबासा सुमारे ३,८०० वर. तीन हजारांच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, असं डॉक्टर सांगतात. इथं एका दिवसात सातशे मीटर चढतो. ते अंगाशी येऊ नये म्हणून उत्तरकाशीहून आल्यावर एक रात्र हर्षिलला, सुमारे २,६०० मीटरवर, आणि मग दोन रात्री गंगोत्रीत काढाव्यात. मधल्या दिवशी दोन-तीनशे मीटर चढून खाली येऊन झोपावं.

सह्याद्रीत दर रविवारी गड चढणाऱ्यांचा पाय इथंच घसरतो. कळसूबाई १,६४६ मीटर. तिथल्या सरावानं दम वाढतो, मांड्या तयार होतात, पण विरळ हवेची सवय होत नाही. उलट तयारीचा माणूस भराभर चढतो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. डोकेदुखीसोबत मळमळ सुरू झाली, तर त्या रात्री आणखी वर जायचं नाही. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. विरळ हवेचा त्रास टाळणाऱ्या अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून. सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगायला हवं.

(दृश्य: जमिनीवर पसरलेलं सामान. दोन स्लीपिंग बॅगांच्या लेबलांचा क्लोज-अप.)

हे लेबल नीट पाहा. त्यावर दोन तापमानं आहेत, ‘कम्फर्ट’ (आरामात झोप लागेल ते) आणि ‘लिमिट’ (कशीबशी झोप निभेल ते). कम्फर्टचा आकडा प्रमाण स्त्रीच्या शरीरावरून ठरवतात, लिमिटचा प्रमाण पुरुषाच्या. दुकानात मोठ्या अक्षरांत दिसतो तो बहुतेक वेळा लिमिटचा. एकाच मॉडेलच्या दोन बॅगा घेतल्या, की तो घोरत असतो आणि ती रात्रभर कुडकुडत पडते. दोघांनीही कम्फर्टचाच आकडा बघावा. भोजबासाला या दिवसांत रात्री पारा उणे पाच ते उणे दहापर्यंत उतरतो, तेव्हा कम्फर्ट उणे दहाच्या आसपासची बॅग हवी. एकीची चेन डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे असेल, तर काही कंपन्यांच्या बॅगा एकमेकींना जोडता येतात. मात्र खांद्यांपाशी फट राहते. ती मफलर कोंबून बुजवावी लागते.

थंडी वरून येते त्याहून जास्त खालून शिरते. फुगवायच्या मॅटखाली फोमची साधी मॅट घातली की दोन्हींची ऊब मिळते. शिवाय हवेची मॅट रात्री फुटली, तरी पाठ जमिनीला लागत नाही.

तंबू, स्टोव्ह, भांडी हे सामाईक सामान निम्मं-निम्मं वाटू नये. हलक्या माणसाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाहून जास्त ओझं नको. मात्र स्लीपिंग बॅग, जाकीट, विजेरी आणि थोडं खाणं ज्याचं त्याच्याच सॅकमध्ये. वाटेत दोघांची चुकामूक झाली, तर एकाच्या पाठीवर सगळी ऊब आणि दुसरा उघडा, असं होता कामा नये.

स्टोव्हचा गॅस घरून आणता येत नाही. विमानात चालत नाही, रेल्वेतही नाही. ऋषिकेश किंवा डेहराडूनला घ्यावा. साधा ब्युटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचाच थांबतो. प्रोपेन आणि आयसोब्युटेनचं मिश्रण घ्यावं आणि डबा रात्री पांघरुणात ठेवावा. या उंचीवर पाणी साधारण ८७ अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ शिजता शिजत नाही. पोहे, सातू, खजूर, गूळ-शेंगदाणे बरे. बंद तंबूत स्टोव्ह आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

(दृश्य: गंगोत्रीबाहेरचा वनखात्याचा कनखू नाका. सामानाची तपासणी.)

गोमुखाकडे दिवसाला १५० जणांनाच सोडतात. वनखात्याचा परवाना गंगोत्रीत घेता येतो, पण उत्तरकाशीहूनच घेऊन आलेलं बरं. तंबू लावणार असाल तर तेही तेव्हाच विचारून घ्यावं. रोख पैसेही तिथूनच घ्यावेत. दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे अन्नकुटाला, मंदिराचं दार बंद होतं आणि गंगेची मूर्ती हिवाळ्यासाठी मुखबा गावी जाते. मग दुकानं, खानावळी भराभर मिटतात. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्या मराठी मंडळींनी हे आधी पंचांगात बघावं. हर्षिलजवळच्या धरालीतून जाताना ५ ऑगस्ट २०२५ च्या दुर्घटनेची आठवण ठेवा. त्या दिवशी खीरगंगेतून आलेल्या चिखल-दगडांनी तिथली वस्ती गाडली गेली.

(दृश्य: देवदार, मग चीड, मग बोडके उतार. दोन लहान आकृत्या चालताहेत.)

गंगोत्री ते चीडबासा नऊ किलोमीटर, पुढं भोजबासा पाच. चढ फारसा उभा नाही. निघताना थोडी थंडी वाजायला हवी. सगळे कपडे चढवून निघालात तर अर्ध्या तासात बनियन घामानं ओला होतो, आणि थांबताच तोच अंग गार करतो. सुती बनियन घरीच ठेवा. ओढ्यांवरच्या लाकडी पुलांवर सकाळी काचेसारखा पातळ बर्फ असतो, दिसत नाही. काठी आधी टेकवून बघावी.

चीडबासानंतर दगड कोसळणारा पट्टा लागतो. वर भरल (जंगली निळ्या मेंढ्या) चरत असतात, त्यांच्या खुरांनी दगड सुटतात. इथं फोटोला थांबू नये. एकानं चालावं, दुसऱ्यानं वर नजर ठेवावी, मग अदलाबदल.

(दृश्य: भोजबासा, रात्र. तंबूच्या आतल्या कापडावर हिमकणांचा थर, अगदी जवळून.)

हा थर बाहेरून आलेला नाही. दोघांच्या श्वासातली वाफ कापडावर गोठली आहे. उबेसाठी झडपा बंद केल्या, की सकाळी हे सगळं पिसांच्या बॅगेवर झडतं, आणि ओली पिसं ऊब धरत नाहीत. वरची झडप उघडी हवी. बाटली उलटी ठेवावी. बर्फ वरून धरतो, म्हणजे तोंडाकडचं पाणी वाहतं राहतं. मोबाइलची बॅटरी आणि पाण्याचा फिल्टर पायाशी, बॅगेच्या आत. फिल्टर एकदा गोठला की आतल्या बारीक नळ्या तडकतात. बाहेरून तो जसाच्या तसा दिसतो, पण जंतू अडवत नाही.

जोडीदाराचं बोलणं अडखळतंय का, चेन लावताना बोटं चुकताहेत का, तो उगाच गप्प झालाय का, हे बघत राहावं. गारठलेल्या माणसाला ते स्वतःला कळत नाही.

(दृश्य: सकाळ. शिवलिंग आणि भागीरथी शिखरांवर ऊन. मग गोमुख.)

भोजबासाहून चार किलोमीटर. पांढरंशुभ्र काही दिसेल म्हणून आलेल्यांना धक्का बसतो. समोर करडी, दगडमातीनं माखलेली भिंत असते. बर्फाची निळाई फक्त तडकलेल्या जागी दिसते. ही सुमारे तीस किलोमीटर लांबीच्या हिमनदीची टोकाची कड, आणि वर्षानुवर्षं ती मागं सरकते आहे. उन्हाळ्यात इथलं पाणी दळलेल्या दगडाच्या पिठानं गढूळ असतं. आता वितळणं मंदावल्यानं ते निवळतं, तरी भांड्यात तासभर ठेवूनच गाळावं.

पाचशे मीटरच्या आत जायला बंदी आहे. ती पाळाच. ऊन पडलं की कडेवरचे दगड सुटू लागतात. २०१६ साली या मुखाचा मोठा तुकडा कोसळला होता. दहाच्या सुमारास पाठ फिरवावी.

(दृश्य: गंगोत्री, दुपार. दोरीवर वाळत घातलेल्या दोन स्लीपिंग बॅगा.)

खाली आल्यावर आधी हे करा. बॅगा तशाच दाबून भरल्या तर पुण्या-मुंबईत पोचेपर्यंत पिसांना कुबट वास धरतो. उलट्या करून दोन तास उन्हात घाला, मधून मधून गाठी हातानं सोडवा. प्लॅस्टिकची पाकिटं मात्र परतीच्या वाटेवर नाक्याआधीच मोजून घ्या. जाताना नाक्यावर भरलेली प्लॅस्टिकची अनामत त्यावरच परत मिळते.