लेथ घूं करते, पण फिरत नाही

[दृश्य: जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतलं पत्र्याचं शेड]

जालना म्हटलं की सळई आणि बियाणं. या सळईच्या मिलमधले शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, उसाच्या चरकाचे बुश टर्निंगला येतात ते अशाच शेडमध्ये. आज इथली लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कातायचं मशीन, बंद आहे. हिरवं बटण दाबलं की मोटर नुसती घूं करते.

"मामा, मोटर गेली वाटतं," लेथवरचा पोरगा म्हणतो.

मामा म्हणजे इथले वायरमन. ते मोटरकडे बघतही नाहीत, सरळ बोर्डाकडे जातात.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आवाज पाठ आहे. डीपीवरचा एक फेज उडाला की विहिरीवरची मोटर अशीच घुमते. तीन फेजची मोटर दोन फेजवर जागची हलत नाही. चालू असताना फेज गेला तर मात्र फिरत राहते, उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट ओढते आणि तापत जाते. स्टार जोडणी असेल, म्हणजे तिन्ही वायंडिंगचं एकेक टोक एकत्र बांधलेलं असेल, तर दोन फेजचं वायंडिंग काळं पडतं, तिसरं कोरं राहतं. रिवायंडिंगवाला झाकण उघडताच सांगतो, फेज गेला होता म्हणून.

[दृश्य: टेस्टर तीनही वायरींवर पेटतो]

पोरगा टेस्टर लावून दाखवतो. तिन्हीवर लाईट आहे! इथेच भले भले फसतात. गेलेल्या फेजच्या वायरीवर मोटरच्या वायंडिंगमधून उलटा दाब येतो, आणि टेस्टरला तेवढा पुरतो. म्हणून मामा मल्टिमीटर काढतात आणि फेज ते फेज मोजतात. कॉन्टॅक्टर म्हणजे बटण दाबलं की मोटरला सप्लाय जोडणारा स्विच. त्याच्या वरच्या बाजूला तिन्ही जोड्यांत ४१० व्होल्टच्या आसपास. खाली, बटण जेमतेम दोन सेकंद दाबून, एका जोडीत ४१०, बाकी दोन्हींत निम्मं. म्हणजे सप्लाय ठीक आहे, एक फेज कॉन्टॅक्टरमध्येच अडकलाय.

मेन स्विच बंद. फ्यूज काढून मामांच्या खिशात, म्हणजे दुसरं कुणी चालू करणार नाही. मग पुन्हा मीटर लावून खात्री, आणि त्यानंतरच कॉन्टॅक्टर उघडतो. मधला कॉन्टॅक्ट जळून खडबडीत झालाय. व्होल्टेज पडलं की कॉन्टॅक्ट ओढून धरणारी कॉईल धड ओढत नाही, खडखडते, आणि प्रत्येक खडखडीला ठिणगी उडते.

पण मामांचा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. मोटरच्या नेमप्लेटवर ५ अँपिअर आणि जास्त करंट गेला की मोटर बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेचा काटा ७ वर.

"सारखं ट्रिप व्हायलं होतं, म्हणून वाढवलं," पोरगा सांगतो.

रिले ट्रिप होत होता, कारण मोटर आधीपासूनच अडचणीत होती. काटा फिरवून तिचं तोंड बंद केलं. फ्यूजमध्ये जाड तार घालणं हाही त्यातलाच प्रकार, आणि दोन्ही गोष्टी आपल्याकडे हुशारी म्हणून खपतात.

बाकीच्या तक्रारींचं निदान लवकर होतं. बटण सोडताच लेथ थांबते? बटण सोडल्यावरही कॉन्टॅक्टर धरून ठेवणारा होल्डिंग कॉन्टॅक्ट बघा. सरळ फिरते, उलटी नाही? इंटरलॉक, म्हणजे सरळ आणि उलटं एकदम लागू न देणारी जोडणी. काहीच होत नाही, टक् असा आवाजसुद्धा नाही? कंट्रोलचा फ्यूज, दाबलेलं राहिलेलं इमर्जन्सी बटण, नाहीतर चकच्या (जॉब पकडणाऱ्या जबड्याच्या) गार्डचा लिमिट स्विच, जो गार्ड लागला की दबतो. त्यात लोखंडाचा किस आणि कूलंट हमखास जातं. बॉडीला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर मात्र लेथ त्याच क्षणी बंद. अर्थिंग तपासायचं, मोटरच्या वायरी सोडवून ५०० व्होल्टचा मेगर (इन्शुलेशन मोजायचं मीटर) लावायचा, आणि १ मेगाओहमच्या खाली आलं तर चालवायचीच नाही.

[दृश्य: नवे कॉन्टॅक्ट बसतात]

काटा परत ५ वर. फ्यूज खिशातून जागेवर. चक फिरतो, पण मामा निघत नाहीत. शाफ्टवर कट घ्यायला लावतात आणि तिन्ही वायरींवर आळीपाळीने करंट मोजणारं क्लॅम्प मीटर धरतात. आकडे जवळजवळ सारखे आले तरच काम झालं, नाहीतर पुन्हा बोर्डापासून सुरुवात.