रिकामं कॅप्चर

मंडळी, आज कबूल केलेला विषय आहे 'सर्व्हर उघडत नाही' या तक्रारीचा. अशी तक्रार आली की फायरवॉलवर, म्हणजे आतलं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामधल्या राखणदारावर, कोणत्या क्रमाने पॅकेट, म्हणजे डेटाचे गठ्ठे, पकडायची, ते सांगायचं आहे. या पकडण्यालाच कॅप्चर म्हणतात. तिकडे येतोच. पण आधी एका वाक्याचा निकाल लावू द्या. नागपूरच्या आसपास, बुटीबोरीपासून हिंगण्यापर्यंत, कारखान्यात, दवाखान्यात, कॉलेजच्या लॅबमध्ये ते रोज ऐकू येतं: "फिल्टर लावून पाहिलं, काहीच आलं नाही, म्हणजे पॅकेट फायरवॉलपर्यंत पोचतच नाही." लगेच लिंक देणाऱ्याला फोन जातो. तो लाइन तपासतो, लाइन ठणठणीत निघते, आणि दोन दिवस वाया जातात.

रिकामं कॅप्चर एवढंच सांगतं की या जागी, या वेळी, या फिल्टरला जुळणारं काही दिसलं नाही. जागा, वेळ आणि फिल्टर, तिन्ही आपणच ठरवलेले असतात.

आधी जागा. चेन्नईहून दिल्लीला जाणारी गाडी अजनीवरून नागपूर स्टेशनात येते आणि इटारसीकडे निघून जाते. तुम्ही शहरातल्याच दुसऱ्या स्टेशनात, इतवारीच्या फलाटावर दिवसभर उभे राहिलात तरी ती दिसणार नाही, आणि त्यावरून कोणी गाडी रद्द झाली असं म्हणत नाही. फायरवॉलवर मात्र आपण नेमकं हेच म्हणतो. आतल्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१०.२५. बाहेरच्या इंटरफेसवर, म्हणजे इंटरनेटकडच्या जोडावर, 'होस्ट १९२.१६८.१०.२५' (फक्त या पत्त्याची पॅकेट दाखव) लावलं तर काय दिसणार? तिथे पोचेपर्यंत नॅटने, म्हणजे आतल्या पत्त्याच्या जागी बाहेरचा पत्ता लावणाऱ्या सोयीने, तो पत्ता बदललेला असतो. बाहेरच्या बाजूला समोरच्या सर्व्हरच्या पत्त्यावर फिल्टर लावा, तो सहसा बदलत नाही. आपलाच सर्व्हर बाहेरच्यांसाठी उघडलेला असेल तर उलटं: तिथे पाहुण्याचा पत्ता धरा.

आता फिल्टर. इथे थोडं खोलात जायला हवं, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. टीसीपीडम्प या पॅकेट पकडणाऱ्या प्रोग्रॅमच्या फिल्टरमागे जे यंत्र आहे, बर्कली पॅकेट फिल्टर, त्यावरचा निबंध स्टीव्हन मॅककॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९२ मध्ये लिहिला. कल्पना देखणी आहे: तुमचं वाक्य छोट्या प्रोग्रॅममध्ये बदलतं, तो कर्नलमध्येच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, प्रत्येक पॅकेटवर चालतो, आणि नको ते पॅकेट वर कॉपीच होत नाही. पण 'होस्ट' म्हटल्यावर तो पॅकेटमध्ये पत्ता शोधत फिरत नाही. तो ठरलेल्या बाइटवर जातो. इथरनेटचं हेडर १४ बाइटचं, म्हणून पाठवणाऱ्याचा आयपी २६व्या बाइटपासून आणि घेणाऱ्याचा ३०व्यापासून, मोजणी शून्यापासून. पॅकेटवर व्हीलॅनचा टॅग (एकाच तारेवरची वेगवेगळी नेटवर्कं ओळखायची खूण) असेल तर मध्ये ४ बाइट घुसतात आणि सगळं पुढे सरकतं. बाराव्या बाइटवर आयपीची खूण अपेक्षित असते, तिथे टॅगची खूण सापडते आणि पॅकेट बाद. अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या ट्रंक पोर्टवर डोळ्यांसमोरून वाहणारं ट्रॅफिक दिसत नाही, ते यामुळे.

उपाय 'व्हीलॅन अँड होस्ट अमुक'. मात्र 'व्हीलॅन' हा शब्द आला की त्यानंतरच्या सगळ्या अटींची मोजणी ४ बाइटने सरकते. म्हणून दोन्ही प्रकारचं ट्रॅफिक हवं असेल तर टॅग नसलेली अट आधी: 'होस्ट अमुक ऑर व्हीलॅन अँड होस्ट अमुक', आणि 'ऑर'नंतरचा भाग कंसात. लिनक्सवर बऱ्याचदा कर्नल टॅग आधीच काढून बाजूला ठेवतो आणि साधा फिल्टरही चालून जातो. एका डब्यावर, म्हणजे यंत्रावर, चाललं म्हणून दुसऱ्यावर चालेल, असं गृहीत धरू नका.

कंसांचं निघालंच आहे तर हेही सांगतो. या भाषेत 'अँड' आणि 'ऑर' समान दर्जाचे आहेत, डावीकडून उजवीकडे वाचले जातात. प्रोग्रॅमिंगच्या सवयीने 'पोर्ट ८० ऑर पोर्ट ४४३ अँड होस्ट अमुक' लिहिलंत, तर होस्टची अट दोन्ही पोर्टांना लागते. कंस घाला आणि पूर्ण फिल्टर अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर कंस शेलच, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्रॅमच, गिळतो.

फिल्टरचाच आणखी एक घोळ, तुकडे. वाटेत न मावणारं मोठं पॅकेट तुकडे होऊन जातं. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसचं ४००० बाइटचं यूडीपी उत्तर १५०० एमटीयूच्या वाटेवर, म्हणजे एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात तिथे, ३ तुकड्यांत येतं. पोर्टचा आकडा फक्त पहिल्या तुकड्यात असतो. डीएनएसचा 'पोर्ट ५३' लावलं की एक हाती लागतो, दोन निसटतात, आणि आपण म्हणतो उत्तर अर्धवट आलं. तुकड्यांची शंका असेल तर पोर्ट काढा, होस्टवर थांबा.

आणि काही डब्यांत पॅकेट प्रोसेसरपर्यंत येतच नाही. फोर्टिगेट फायरवॉलवर सेशन, म्हणजे एक चालू जोडणी, खास चिपकडे गेलं की स्निफरला, म्हणजे पॅकेट पकडणाऱ्या साधनाला, जोडणीची सुरुवातीची हातमिळवणी दिसते, पुढे शांतता. त्या एका पॉलिसीवर (फायरवॉलच्या नियमावर) ऑफलोड, म्हणजे चिपकडे सोपवणं, बंद करा, नवं सेशन सुरू करा, काम झालं की परत चालू करा. परत चालू करायला विसरलात तर संध्याकाळच्या गर्दीत सीपीयू धापा टाकतो. राहिली वेळ. सिस्को एएसए या फायरवॉलवर कॅप्चरचा बफर मुळात ५१२ केबीचा असतो. तो भरला की नोंद थांबते, म्हणून 'सकाळी दिसत होतं, आता दिसत नाही'. तिथे जुनं पुसून नवं लिहिणारा सर्क्युलर बफर लावा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. कबूल केलेला क्रम भराभर सांगतो.

आत आणि बाहेर, दोन्ही इंटरफेसवर एकाच वेळी कॅप्चर लावा. पत्त्यांवरून नावं शोधणं बंद ठेवा, नाहीतर डीएनएसचं स्वतःचंच ट्रॅफिक तयार होतं. एसएसएचवरून, म्हणजे दुरून, बसला असाल तर स्वतःचं सेशन वगळा. प्रत्येक पॅकेटचे १२८ बाइट पुरतात: इथरनेट १४, टॅग ४, आयपी २०, टीसीपी जास्तीत जास्त ६०, म्हणजे ९८. असं केलं की दवाखान्यातल्या रुग्णाची माहितीही फाईलमध्ये फारशी उतरत नाही. पूर्ण भरलेली १ गिगाबिटची लिंक मिनिटाला साडेसात जीबी ओकते, म्हणून १०० एमबीच्या १० फाईली फिरत्या ठेवा. शेवटी 'कर्नलने टाकलेली पॅकेट' हा आकडा वाचा. तो शून्य नसेल तर त्या कॅप्चरवरून निष्कर्ष काढू नका.

मग सिन, म्हणजे जोडणी मागणारं पहिलं पॅकेट, पाहा. आत दिसला, बाहेर नाही: पॉलिसी किंवा राउट. पालो आल्टोच्या फायरवॉलवर ड्रॉप टप्प्याची, म्हणजे टाकून दिलेल्या पॅकेटची, वेगळी फाईल मिळते, ती उघडा. बाहेर गेला, उत्तर नाही: पुढचा रस्ता किंवा परतीची वाट. उत्तर बाहेर आलं, आत नाही: नॅट किंवा सेशन टेबल (चालू जोडण्यांची यादी). लिनक्सवर टीसीपीडम्प आत येणारं पॅकेट फायरवॉलच्या नियमांआधीच पाहतो, त्यामुळे दिसलं म्हणजे सोडलं असं नाही.

हातमिळवणी होते पण पान अर्धवट लटकतं, तर एमटीयू. पीपीपीओईवर, म्हणजे लॉगिन करून जोडायच्या ब्रॉडबँडवर, तो १४९२ असतो. 'पॅकेट मोठं आहे' हा आयसीएमपी निरोप वाटेतल्या राउटरच्या पत्त्यावरून येतो, सर्व्हरच्या नाही. त्यामुळे तो आपल्या संगणकाकडे येत असेल तर सर्व्हरचा होस्ट फिल्टर त्याला गाळतो. फिल्टरच्या शेवटी 'ऑर आयसीएमपी' जोडा.