खोक्यावर नाव कोणाचं?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत खान्देशात खेळांवर व्याख्यान ठेवणं ही आयोजकांची हिंमतच म्हणायची. समोरचे निम्मे श्रोते पत्त्यांचा डाव अर्धा टाकून आलेले दिसतात! असो. मी पत्त्यांवर बोलणार नाही. सुट्टीत पोरं घरोघरी 'व्यापार' मांडून बसतात ना, मुंबई विकत घे, दिल्लीवर भाडं भर, त्या पटाबद्दल बोलणार आहे. तो अमेरिकेतल्या मोनोपॉलीवरून आला. आणि मोनोपॉली हीसुद्धा नक्कलच, तीही चुकीसकट केलेली.

पार्कर ब्रदर्स कंपनीने १९३५ साली मोनोपॉली बाजारात आणली, तेव्हा जनक म्हणून चार्ल्स डॅरो यांचं नाव पुढे केलं. मंदीत हातचं काम गेलेला माणूस, त्याला घरबसल्या खेळ सुचतो आणि तो गडगंज होतो! मंदीत पिचलेल्या लोकांना अशी गोष्ट हवीच होती. खेळाइतकीच ती गोष्टही खपली.

खरी सुरुवात तीस वर्षं आधीची. एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ मध्ये 'द लँडलॉर्ड्स गेम' या खेळाचं पेटंट मिळवलं. बाई लघुलेखनाचं काम करायच्या आणि हेन्री जॉर्ज या अर्थविचारवंताच्या अनुयायी होत्या. जॉर्ज यांचं म्हणणं आपल्याला धुळ्यात बसून चटकन कळेल. महामार्गालगतच्या पडीक तुकड्याचा भाव वाढतो, तो मालकाने घाम गाळला म्हणून का? रस्ता झाला, वस्ती आली, म्हणून वाढतो. मग त्या वाढीवर कर लावा आणि पैसा सगळ्यांच्या कामी आणा, असं ते सांगत. बाईंनी हे पटावर दाखवलं. नियमही दोन तऱ्हांचे केले: एकात जमिनी बळकावून बाकीच्यांना भिकेला लावायचं, दुसऱ्यात संपत्ती वाढली की वाटा सगळ्यांना. लोकांना पहिलाच प्रकार आवडला, यात मला तरी नवल वाटत नाही.

मग हा खेळ हातोहात फिरला. लोक घरी पट रंगवायचे, आपापल्या गावातल्या रस्त्यांची नावं घालायचे. अटलांटिक सिटीतल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी आपल्या शहराचे रस्ते घातले, आणि तोच पट ओळखीओळखीतून डॅरोंपर्यंत पोचला. त्या शहराजवळच्या एका वस्तीचं नाव 'मार्व्हेन गार्डन्स'. डॅरोंना ज्यांनी खेळ शिकवला त्यांच्या पटावर ते चुकून 'मार्व्हिन' झालं होतं. डॅरोंनी तेही जसंच्या तसं उतरवलं! परीक्षेत शेजाऱ्याची चूकसुद्धा उतरवणारा विद्यार्थी असाच सापडतो.

मागून कोणीतरी विचारलं, "मंग त्या बाईले काय भेटनं?" पाचशे डॉलर. कंपनीने १९३५ मध्ये तिचं पेटंट तेवढ्यावर घेतलं, विक्रीतला हिस्सा शून्य. १९४८ मध्ये त्या वारल्या. हे सगळं नीट उजेडात आलं ते सत्तरच्या दशकात, आणि तेही कोर्टाच्या भांडणात. राल्फ अँस्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने 'अँटी-मोनोपॉली' नावाचा खेळ काढला, कंपनीने त्याच्यावर हरकत घेतली, आणि बचावासाठी जुने खेळाडू शोधता शोधता प्राध्यापक मॅगीबाईंपर्यंत पोचले.

तरी प्रत्येक कंपनी लबाडच, असं मी म्हणणार नाही. हंगेरीतले शिक्षक एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये फिरता ठोकळा बनवला. १९८० मध्ये आयडियल टॉय कंपनीने तो जगभर नेला, आणि त्यावर नाव रुबिक यांचंच राहिलं. पण रुबिक यांच्याकडे आपलं म्हणून दाखवायला एक वस्तू होती. मॅगीबाईंचा खेळ तीस वर्षं शेकडो घरांत बदलत गेला होता.

आपल्या पचिसीचं तर विचारूच नका. ओट्यावर कवड्या टाकून खेळणाऱ्यांनी तिचं पेटंट कोणाकडे मागायचं? अमेरिकेत १८७४ मध्ये 'पार्चीसी' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलं गेलं, इंग्लंडात त्याच शतकाच्या अखेरीस लूडोचं पेटंट निघालं. नाव नोंदवलं म्हणून खेळ काही कोणाच्या मालकीचा झाला नाही, म्हणून तर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीला 'लूडो किंग' काढताना कोणाला पाचशे डॉलरही मोजावे लागले नाहीत.